तीनशे डॉलरची सुटका: न्यूयॉर्क, जुलै १८६३

शनिवार, ११ जुलै १८६३. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. मॅनहॅटनमध्ये थर्ड अव्हेन्यू आणि ४६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उत्तरेच्या सैन्यात सक्तीनं माणसं घेणारी भरती कचेरी होती. तिथे एका गोल फिरत्या पिंपातून चिठ्ठ्या काढणं सुरू झालं. पिंप फिरवायचं, हात घालायचा, चिठ्ठी उघडायची, नाव आणि पत्ता मोठ्यानं वाचायचा. दिवसभरात बाराशेच्या वर नावं निघाली. गर्दी होती, थट्टामस्करीही चालली होती, दगड मात्र एकही उडाला नाही. संध्याकाळी अधिकाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

रविवारी नावं वर्तमानपत्रांत छापून आली. गेटिसबर्गची लढाई संपून जेमतेम आठवडा झाला होता, त्यामुळे युद्धावर जाणं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सुट्टीचा दिवस, दारूचे गुत्ते भरलेले, हातोहात फिरणारी यादी. सोमवारी सकाळी पिंप पुन्हा फिरू लागलं आणि थोड्याच वेळात कचेरी पेटलेली होती.

या दंगलीची हकिगत अनेकदा सांगितली जाते आणि तिचं कारण बहुधा एका वाक्यात उरकलं जातं: श्रीमंतांना ३०० डॉलर भरून सुटता येत होतं, गरिबांना नाही. वाक्य खोटं नाही. पण ते तीनशे डॉलर कायद्यात का आले, त्यांनी प्रत्यक्षात काय केलं आणि ते काढल्यावर काय झालं, हे पाहिलं की प्रकरण बरंच वाकडं निघतं. मला त्या वाकडेपणातच रस आहे.

कायदा काय म्हणत होता

३ मार्च १८६३ रोजी अमेरिकन काँग्रेसनं नोंदणी कायदा केला. यादवी युद्धाला दोन वर्षं होत आली होती आणि स्वयंसेवकांचा ओघ आटला होता. कायद्यानुसार २० ते ४५ वयाच्या पुरुष नागरिकांची नोंद होणार होती. नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेले परदेशीही त्यात आले. पहिल्या गटात २० ते ३५ वयाचे सगळे आणि ३५ ते ४५ मधले अविवाहित. पस्तिशीपुढचे विवाहित दुसऱ्या गटात, म्हणजे पहिला गट संपल्यावर. शरीरानं किंवा मनानं असमर्थ असलेल्यांना सूट होती. विधवा आईचा एकुलता आधार असलेला मुलगा, आई नसलेल्या बारा वर्षांखालच्या मुलांचा बाप, यांनाही होती. ही यादी वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्यांनी घराघरातली अडचण डोळ्यांपुढे आणली होती. हा कायदा निर्दय माणसांनी लिहिला असं म्हणता येत नाही.

मग येतं तेरावं कलम. ज्याची चिठ्ठी निघाली त्यानं आपल्याऐवजी बदली माणूस उभा करावा, किंवा युद्धखातं ठरवील ती रक्कम भरावी. रक्कम ३०० डॉलरपेक्षा जास्त नसावी. खात्यानं आकडा ठरवला तो नेमका ३००.

साध्या मजुराला त्या काळी दिवसाला एक डॉलरच्या आसपास मिळत असे. म्हणजे ३०० डॉलर ही वर्षभराची कमाई झाली, तीही रोज काम मिळालं तर. खुद्द सैनिकाचा पगार महिना १३ डॉलर होता.

बदली माणूस देण्याची प्रथा जुनी होती, युरोपातही आणि अमेरिकेतही. तिच्याबद्दल फार कुणी तक्रार करत नव्हतं. नवं होतं ते रोख रकमेचं कलम आणि आग पेटली तीही त्याच्यावरच. गंमत अशी की ते कलम घातलं गेलं होतं गरिबाच्या बाजूनं विचार करून. निदान तसा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता.

लिंकनचं न छापलेलं टिपण

१८६३च्या उत्तरार्धात अब्राहम लिंकननं सक्तीच्या भरतीचं समर्थन करणारं एक लांबलचक टिपण लिहिलं आणि ठेवून दिलं. त्याच्या हयातीत ते प्रसिद्ध झालं नाही. त्यात तीनशे डॉलरबद्दल त्यानं जे मांडलं आहे त्याचा आशय असा: श्रीमंताला झुकतं माप देणारी तरतूद कोणती असेल तर ती बदली माणसाची. पण ती जुनी आणि सवयीची असल्यामुळे तिला कुणी नावं ठेवत नाही. पैशाच्या तरतुदीनं उलट ती विषमता कमी होते, कारण एरवी ज्यांना सुटणं परवडलं नसतं असे काही जण तिच्यामुळे सुटू शकतात.

याचं गणित सोपं आहे. बदली माणूस मिळवायचा तर बाजारात जावं लागतं. लढाई जितकी भीषण, तितका त्याचा भाव चढणार. पण सरकारच जर ३०० घेऊन सोडत असेल, तर बदलीसाठी चारशे कोण देईल? म्हणून ३०० हा आकडा म्हणजे भावाला घातलेलं झाकण होतं.

आणि ते झाकण चाललंही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ग्रोव्हर क्लीव्हलँड तेव्हा बफेलोमध्ये तरुण वकील होता. १८६३च्या उन्हाळ्यात त्याची चिठ्ठी निघाली. दोन भाऊ सैन्यात, आई आणि बहिणींचा भार याच्यावर. त्यानं एका पोलिश स्थलांतरिताला १५० डॉलर देऊन पाठवलं. जे. पी. मॉर्गनला ३०० पडले. वर्षभरानं, झाकण काढल्यानंतर, अँड्र्यू कार्नेगीनं बदलीसाठी ८५० डॉलर मोजले.

मग हे कागदावर बरं दिसणारं कलम लोकांना इतकं का झोंबलं?

माझ्या मते उत्तर कलमाच्या हिशेबात सापडत नाही, ते त्याच्या भाषेत आहे. बदली माणूस हा दोन माणसांमधला खासगी सौदा असतो. सरकार त्यात फक्त डोळेझाक करतं. पण जेव्हा कायद्यातच छापून येतं की इतके डॉलर भरा आणि घरी जा, तेव्हा सरकारनं स्वतः प्रत्येक पुरुषाच्या कपाळावर किंमत चिकटवलेली असते. भाव तीनशेच्या खाली ठेवणं ही मेहरबानी होती. पण ज्याच्याजवळ तीनशे नाहीत त्याला झाकण दिसत नाही. त्याला फक्त आकडा दिसतो आणि आपल्यापाशी तो नाही हे दिसतं. चांगल्या कपड्यातला माणूस रस्त्यावर दिसला की 'तो बघा तीनशे डॉलरवाला' असे आवाज त्या आठवड्यात उठत होते.

त्यात आणखी एक कडू तुलना लोकांच्या तोंडी होती. दक्षिणेत गुलामाचा भाव हजार डॉलर, आणि आम्हा गोऱ्या मजुरांचा तीनशे. तुलना अन्यायाची आणि विषारी आहे, कारण गुलामाचे हजार डॉलर गुलामाच्या हाती कधीच पडत नव्हते. पण ती पसरली, कारण किंमत लावायला सुरुवात सरकारनंच केली होती.

चार दिवस

सोमवारी सकाळी कचेरीवर चालून आलेल्यांत ३३ नंबरच्या आगीच्या बंबावरची माणसं पुढे होती. त्यांच्यापैकी एकाची चिठ्ठी शनिवारी निघाली होती. बंबवाल्यांना नागरी सैन्याच्या कामातून पूर्वापार सूट असे. नव्या कायद्यात ती नव्हती. म्हणजे सुरुवात झाली ती ठरलेल्या, जुन्या हक्काच्या सवलतीवरून. उपाशी माणसाच्या आक्रोशातून नव्हे.

तारा तोडल्या गेल्या, रूळ उखडले गेले. पोलीस प्रमुख जॉन केनेडी साध्या कपड्यांत पाहणीला आला होता. त्याला ओळखून जमावानं मरणाच्या दारापर्यंत मारलं. ट्रिब्यून या वर्तमानपत्राच्या कचेरीवर हल्ला झाला. शहरातल्या फौजा गेटिसबर्गच्या मोहिमेसाठी बाहेर गेलेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत, म्हणजे १६ जुलैपर्यंत, शहर पूर्णपणे ताब्यात आलं नाही.

पण सोमवारी दुपारपर्यंतच जमावाची दिशा बदलली होती, आणि इथे हे प्रकरण 'गरीब विरुद्ध श्रीमंत' या चौकटीत बसेनासं होतं. फिफ्थ अव्हेन्यूवर काळ्या मुलांचं अनाथालय होतं. जमावानं ते लुटलं आणि जाळलं. आतली दोनशेहून जास्त मुलं मागच्या बाजूनं बाहेर काढली गेली म्हणून वाचली. पुढच्या दिवसांत निदान अकरा काळ्या पुरुषांना ठेचून, फासावर लटकवून मारण्यात आलं. एकूण मृतांचा अधिकृत आकडा ११९ आहे. त्यांत बरेच दंगलखोर स्वतःच, सैनिकांच्या आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेले.

आयरिश हमाल आणि काळे मजूर यांच्यात गोदीतल्या कामावरून आधीच वैर होतं. संपकऱ्यांच्या जागी काळ्यांना आणून संप मोडल्याची जखम ताजी होती. १ जानेवारी १८६३ला गुलाममुक्तीची घोषणा झाली, आणि ज्यांच्या मुक्तीसाठी लढायचं तेच उद्या आपली रोजी घेणार असा प्रचार काही वर्तमानपत्रं बिनदिक्कत करत होती. भरतीच्या यादीत काळे फारसे नव्हतेही. त्यांची नोंदणी कायद्यात स्पष्टपणे लिहिली गेली ती फेब्रुवारी १८६४च्या दुरुस्तीत. म्हणून जमावाची तक्रार अशी की हे मोकळे आणि आम्ही मरणार.

खरं तर ज्याला यादीत घेतलं नाही त्याला नागरिक म्हणूनही पुरतं मोजलेलं नव्हतं. १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालानं तर काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असं म्हटलं होतं. न मोजलं जाणं ही सवलत समजून त्यांना मारलं गेलं. १८६०च्या जनगणनेत न्यूयॉर्क शहरात बारा हजारांच्या वर काळे लोक होते. १८६५मध्ये ते दहा हजारांच्या आत आले. अनेक जण नदीपलीकडे निघून गेले आणि परतले नाहीत.

आयरिशांबद्दल एक गोष्ट राहून जाते, ती सांगायलाच हवी. याच समाजातली माणसं डिसेंबर १८६२मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत आयरिश ब्रिगेडमध्ये गवतासारखी कापली गेली होती. शहरातल्या भरतीचा प्रमुख अधिकारी कर्नल रॉबर्ट न्यूजंट हा स्वतः आयरिश आणि त्याच ब्रिगेडचा. जमावानं त्याचंही घर सोडलं नाही.

कौंटीनं काढलेली पळवाट

दंगल शमली तेव्हा गव्हर्नर होरेशियो सीमोर याची मागणी होती की भरती थांबवा, कायदा घटनेत बसतो का ते न्यायालयात ठरू द्या. शिवाय न्यूयॉर्कला वाटून दिलेली संख्या चुकीची आहे, डेमोक्रॅटिक पक्षाच्या भागांवर जास्त बोजा टाकला आहे, असाही त्याचा आक्षेप होता. लिंकननं काही विभागांचा आकडा कमी केला. भरती थांबवायला मात्र नकार दिला. न्यायालयाची वाट पाहत बसलो तर शत्रू थांबणार नाही, हा त्याच्या उत्तराचा मथितार्थ.

नगरसभेनं अडीच दशलक्ष डॉलर काढून सगळ्यांचेच तीनशे भरायचा ठराव केला होता. महापौर जॉर्ज ऑप्डाइक यानं तो नाकारला: जमावापुढे गुडघे टेकणं होईल. मग कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पर्यवेक्षक मंडळानं अधिक हुशार योजना आणली. दोन दशलक्ष डॉलर कर्जाऊ उभारायचे आणि एक समिती नेमायची. बंबवाले, पोलीस, नागरी सैन्यातले लोक आणि ज्यांच्यावर कुटुंब अवलंबून आहे असे गरीब, यांची चिठ्ठी निघाली तर कौंटी बदलीचे किंवा सुटकेचे पैसे देईल. समितीत विल्यम ट्वीड होता. पुढे भ्रष्टाचारासाठी ज्याचं नाव म्हणीसारखं वापरलं गेलं तोच टॅमनी हॉलचा, म्हणजे शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचा, ट्वीड. त्याच्या जोडीला विरोधी रिपब्लिकन पक्षाचा ओरिसन ब्लंट.

१९ ऑगस्टला पिंप पुन्हा फिरलं. शहरात सुमारे दहा हजार सैनिक तैनात होते. काही घडलं नाही.

शांतता सैनिकांमुळे राहिली की कर्जामुळे, यावर वाद घालता येईल. मला कर्जाचं पारडं जड वाटतं. कारण ट्वीडच्या योजनेनं कायद्यातला एक शब्दही बदलला नाही; फक्त तीनशे डॉलर कुणाच्या खिशातून जायचे ते बदललं. खासगी ऐपतीचा प्रश्न सार्वजनिक कर्जाचा झाला. अशीच व्यवस्था इतर ठिकाणीही वेगवेगळ्या रूपांत उगवली: गावानं पैसे जमवणं, कारखानदारानं कामगारांचे पैसे भरणं, भरतीविमा मंडळं, जिथं सगळे थोडी थोडी वर्गणी काढायचे आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याची सुटका त्या गंगाजळीतून व्हायची. त्यामुळे पैसे भरून सुटलेल्यांत मजूर आणि शेतकरीही भरपूर होते.

आता पहिल्या भरतीचा हिशेब पाहा. १८६३च्या त्या उन्हाळ्यात उत्तरेत एकूण २,९२,४४१ नावं निघाली. त्यांतले ५२,२८८ जण पैसे भरून सुटले, २६,००२ जणांनी बदली दिली, आणि प्रत्यक्ष स्वतः सैन्यात गेले ते ९,८८१. बाकीचे बहुतेक तब्येतीच्या किंवा घरच्या कारणानं सुटले, आणि सुमारे चाळीस हजार हजरच झाले नाहीत.

हजर न होणं हाही एक मार्ग होता आणि तो फुकट होता. युद्धभरातल्या चारही भरत्या धरल्या तर ७,७६,८२९ नावं निघाली आणि १,६१,२४४ माणसं फिरकलीच नाहीत. ज्याला घर, शेत, दुकान आहे त्याला पळणं महाग. आज या बंदरात, उद्या त्या खाणीवर राबणाऱ्याला ते जमण्यासारखं. विषमतेचे तक्ते मांडताना हा रकाना लोक विसरतात.

झाकण काढलं तेव्हा

जुलै १८६४मध्ये काँग्रेसनं तीनशे डॉलरची तरतूद रद्द केली. धार्मिक कारणानं शस्त्र न धरणाऱ्यांपुरती ती उरली. दंगलखोरांची मागणी वर्षभरानं मान्य झाली असं वाटेल. कारण वेगळंच होतं. पैसे भरणाऱ्याच्या जागी सैन्यात कुणी येत नाही, भोक तसंच राहतं. बदली दिली तर निदान एक डोकं मिळतं. भरतीचा प्रमुख जेम्स फ्राय याचा जीव त्या ५२ हजारांच्या आकड्यात अडकला होता: तिजोरीत रक्कम आली, पण खंदकात उभं राहायला माणूस नाही. चारही भरत्यांत मिळून ८६,७२४ जणांनी भरलेली रक्कम २ कोटी ६० लाख डॉलरच्या वर गेली. सैन्याला पैसा नको होता, माणसं हवी होती. न्यायासाठी नव्हे, तर मनुष्यबळासाठी ते कलम गेलं.

बदलीची सोय मात्र राहिली. आणि लिंकननं टिपणात जे म्हटलं होतं ते घडलं. भाव उसळला, काही ठिकाणी हजाराच्या घरात. दलाल आले. बदली म्हणून चालायचे ते मुख्यतः ज्यांच्यावर सक्ती नव्हती असे: वीस वर्षांच्या आतली पोरं, नुकतीच बोटीतून उतरलेली परदेशी माणसं. त्यांना दारू पाजून, फसवून सही घेण्याचे प्रकार सर्रास झाले. पैसे घेऊन पळायचं आणि दुसऱ्या गावात पुन्हा भरती व्हायचं, हा तर एक धंदाच झाला. तीनशे जमवू शकणारा सुतार किंवा छोटा शेतकरी आता खरोखर अडकला. आठशे मोजणाऱ्याला काहीच फरक पडला नाही. श्रीमंत गावं स्वखुशीनं येणाऱ्याला द्यायचं भरतीचं बक्षीस वाढवत गेली आणि गरीब गावांचे तरुण तिकडे जाऊन नाव नोंदवू लागले, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गावाचा कोटा अपुराच, आणि चिठ्ठ्या तिथेच जास्त.

या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा आहे. जे कलम लोकांना सर्वांत अन्यायाचं वाटलं ते कमी अन्यायाचं होतं, आणि जे त्यांनी निमूट चालवून घेतलं तेच खरं विषमतेचं. लोक मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. त्यांना अपमान बरोबर ओळखता आला, फक्त नुकसान कुठून होतंय ते ओळखता आलं नाही. धोरण आखणाऱ्यांचं नेमकं उलट होतं: नुकसानीचा हिशेब अचूक, अपमानाचा रकानाच नाही.

दक्षिणेकडे चित्र फार निराळं नव्हतं. तिथे एप्रिल १८६२पासून सक्ती होती, बदलीची सोय होती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वीस गुलामांमागे एका गोऱ्या माणसाला सूट देणारा कायदा आला. 'युद्ध श्रीमंताचं, लढायचं गरिबानं' ही तक्रार दोन्ही बाजूंना एकाच शब्दांत ऐकू येत होती. दक्षिणेनं बदलीची प्रथा डिसेंबर १८६३मध्ये बंद केली. उत्तरेनं ती अखेरपर्यंत ठेवली. १८६४मध्ये ५५ वर्षांच्या लिंकननं, त्याच्यावर कसलीही सक्ती नसताना, आपला प्रतिनिधी म्हणून एका तरुणाला पैसे देऊन सैन्यात पाठवलं. ते आदर्श म्हणून केलेलं काम होतं हे मला समजतं, तरी वाचताना ओशाळल्यासारखं होतं.

अमेरिकेनं पुढची मोठी सक्ती केली ती १९१७मध्ये, आणि तिच्या कायद्यात बदली माणूस, सुटकेचे पैसे, भरतीचं बक्षीस या तिन्ही गोष्टींना साफ मनाई होती. नोंदणीसाठी लष्करी अधिकारी दारोदार फिरवण्याऐवजी लोकांनीच आपल्या मतदानकेंद्रावर यायचं अशी पद्धत ठेवली. ही शहाणीव १८६५मध्ये इलिनॉयच्या भरती अधिकाऱ्यानं, जेम्स ओक्सनं, लिहून ठेवलेल्या अहवालातून आली. अर्धं शतक तो कागद पडून होता.

न्यूयॉर्कमध्ये त्या आधीच एक वेगळा दिवस उजाडला होता. ५ मार्च १८६४. दंगलीला आठ महिनेही झाले नव्हते. काळ्या सैनिकांची २०वी पलटण, सुमारे हजार माणसं, युनियन स्क्वेअरमध्ये निशाण स्वीकारून त्याच शहराच्या रस्त्यांवरून बंदराकडे चालत गेली. दुतर्फा गर्दी होती आणि ती टाळ्या वाजवत होती. या पलटणीतल्या कुणाचीही चिठ्ठी निघालेली नव्हती. ते स्वयंसेवक म्हणून भरती झालेले. गोऱ्या शिपायाला तेव्हा महिना १३ डॉलर मिळत. यांना १०, आणि त्यातून कपड्यांचे म्हणून ३ कापून हातात ७. समान पगाराचा कायदा जूनमध्ये झाला, तोवर पलटण दक्षिणेत पोहोचलेली होती.